रिकाम्या खणाची साक्ष

मित्रांनो, मी पत्र्याचा डबा. माझं नक्की वय मला ठाऊक नाही, पण जुना म्हणायला हरकत नाही. हातभर लांब, चार बोटं रुंद, आत सात खण आणि सगळ्यांवर मिळून एकच झाकण. झाकणाची कडी वाकडी आहे आणि डाव्या कोपऱ्यात गंज चढलाय. रस्त्यात पडलेला दिसलो तर तुम्ही मला लाथ माराल. खुशाल मारा, पण आधी माझं ऐकून घ्या. माझ्यासारखा एखादा डबा तुमच्याही घरात असेल.

मी औषधाच्या गोळ्यांसाठी जन्मलो नाही. मला घडवलं ते ड्रिलची पाती ठेवायला. सगळ्यात बारीक पातं पहिल्या, चिंचोळ्या खणात आणि सगळ्यात जाड शेवटच्या, रुंद खणात. ओतकामाच्या एका कारखान्यात, हत्यारांच्या स्टोअरमध्ये मी कितीतरी वर्षं काढली. दिवसातून वीसदा माझं झाकण उघडायचं, तेलकट बोटं आत शिरायची आणि हवं ते पातं न चुकता सापडायचं. मला त्याचा अभिमान होता. मग एकदा मी फळीवरून पडलो, कडी वाकली आणि माझ्या जागी प्लास्टिकचा निळा डबा आला. मला काउंटरखालच्या भंगारात टाकलं. तिथे मी गंजत पडलो होतो आणि तिथेच मी 'वरच्या'च्या हाती लागलो.

वरचा हे त्याचं टोपणनाव. कारखान्याच्या छताखाली रुळांवर सरकणारी मोठी क्रेन होती आणि तिच्या केबिनमध्ये तो एकवीस वर्षं बसला. खाली भट्टीत लोखंड वितळायचं, ते गाडीएवढ्या बादलीत ओतायचे आणि वरचा ती बादली माणसांच्या डोक्यांवरून अलगद साच्यापर्यंत न्यायचा. एकवीस वर्षांत त्याने एक थेंब सांडला नाही. रोज पाळी सुरू होण्याआधी तो तारेचा दोर हात लावून तपासायचा. दोरातल्या ठरावीक तारा तुटलेल्या दिसल्या की दोर बदलायला लावायचा, मग साहेब कितीही ओरडो. "अरे, पेलतोय की अजून," असं कोणी म्हणालं की हा म्हणायचा, "पेलतोय तोवरच बदलायचा असतो. तुटल्यावर बदलतात ते मढं."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते रोज आठवतं.

एकोणपन्नासाव्या वर्षी केबिनच्या शिडीवर त्याच्या छातीत कळ आली. हृदयाला रक्त नेणारी नळी बुजली होती. डॉक्टरांनी त्या नळीत तारेची बारीक जाळी बसवली आणि तो वाचला. कारखान्याने त्याला क्रेनवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. तसं ते बरोबरच होतं. ज्याचं हृदय एकदा दगा देतं त्याच्या हाती वितळलेलं लोखंड द्यायचं नसतं. पण एकवीस वर्षं राबलेल्या माणसाशी कोणी दोन शब्दही बोललं नाही. एक चिठ्ठी आली आणि एक स्टूल मिळालं.

पोरं यायची आणि काउंटरवर कोपर टेकून म्हणायची, "काय वरचे, आता खालचे झालात की!"

"बरं झालं रे," तो म्हणायचा. "तुमच्या पायांना इतका वास येतो ते वरून कळत नव्हतं."

सगळे हसायचे, तोही हसायचा. पोरं गेली की मात्र स्टोअरच्या खिडकीतून वर क्रेनकडे बघत बसायचा. आता त्या केबिनमध्ये त्याचा धाकटा भाऊ होता. आडदांड, सहा फुटी गडी, तरी घरात त्याला बारक्याच म्हणत.

रोज चार गोळ्या घ्यायच्या होत्या. दोन रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या, एक कोलेस्टेरॉलची आणि एक रक्तदाबाची. वरच्याने मला भंगारातून उचललं, घासलं, उकळत्या पाण्यात बुडवलं आणि घरी नेलं. त्याच्या मुलीने लाल नेलपॉलिशने माझ्या खणांवर सोमवारपासून रविवारपर्यंत वारांची अक्षरं काढली. सोमवार सगळ्यात चिंचोळा, रविवार ऐसपैस. डॉक्टर जे बोलल्या होत्या ते तिने सुवाच्य अक्षरात कागदावर लिहिलं आणि तो कागद माझ्या झाकणाला आतून चिकटवला. त्यावर होतं: गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत. बरं वाटलं तरी बंद करायच्या नाहीत. सिगारेट कायमची बंद. रोज चालणं. मीठ कमी. छातीत, जबड्यात, हातात दुखलं तर वाट बघायची नाही, थेट दवाखाना.

मित्रांनो, त्या कागदात काही कमी नव्हतं. ह्या घराला माहिती नव्हती असं कोणीही म्हणू नये.

ते माझे मानाचे दिवस होते. रविवारी सकाळी मुलगी गोळ्यांची पाकिटं कात्रीने कापायची आणि प्रत्येक खणात चार चौकोन टाकायची. आई एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, ती पहाटेच घर सोडायची. त्यामुळे वरचा गोळ्या घ्यायचा तेव्हा बघायला कोणी नसे. संध्याकाळी मात्र तपासणी व्हायची. मुलगी झाकण उघडायची आणि आई चुलीपाशी उभी राहून विचारायची, "आजचा?"

"रिकामा!"

"शाबास. डबा आहे म्हणून बाई निभावतंय."

मी फुगायचो. मला वाटायचं, माझ्यामुळे एक माणूस जगतोय. आणि तो जगतही होता. सिगारेट त्याने एका दिवसात सोडली. सकाळी तासभर चालायचा. अळणी जेवण निमूट गिळायचा. बारक्या दोन गल्ल्या पलीकडे एकटाच राहायचा आणि जेवायला इथेच यायचा. त्याला वहिनी म्हणायची, "भाऊजी, आमच्याकडे आता सगळं अळणी. लग्न करा, म्हणजे कोणीतरी खारट करून घालेल."

"वहिनी, तुमचं बोलणं असतं ना तोंडी लावायला," तो म्हणायचा. हसत खेळत चार महिने गेले.

मग सुट्टीच्या एका दुपारी मायलेकी बाजारात गेल्या होत्या. दोघे भाऊ जेवायला बसले होते आणि मी समोरच्या फळीवर होतो. बारक्याने ताट पुढे सरकवलं.

"काय झालं? जेव की."

"दादा, तुला पहिल्यांदा झालं तेव्हा शिडीवर नक्की काय झालं होतं?"

वरच्याचा हात थांबला. केबिनच्या शिडीला एकोणतीस पायऱ्या होत्या, त्या दोघांनाही पाठ होत्या. त्याने एवढंच विचारलं, "कितव्या पायरीला?"

"चौदाव्या. मग थांबतो. थोड्या वेळाने जातं."

"किती दिवस झाले?"

"झाले असतील दोन महिने."

"गाढवा! उद्याच्या उद्या डॉक्टरकडे चल."

"आणि मग? तुझ्या शेजारी दुसरं स्टूल टाकू? दोघं मिळून खिळे मोजू?" बारक्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "पुढच्या महिन्यात कारखान्यात आमची डॉक्टरी तपासणी आहे. तेवढी निघू दे, मग जातो. आईशप्पथ."

"आईची शपथ घेऊ नकोस. ती तुला ओळखून होती."

वरचा उठला, फळीवरून मला खाली घेतलं आणि झाकण उघडलं.

आता ह्या दोघांची एक रीत सांगायला हवी. ते लहानपणापासून सगळं पाळीने वापरत आले होते. दोघांत एक सायकल, दोघांत एक कोट. मोठेपणी दोघांत एक क्रेन, दिवसपाळी एकाची, रातपाळी दुसऱ्याची. माझं-तुझं कधी झालंच नाही. लोक ह्या भावांचं उदाहरण द्यायचे.

"मला ह्या गोळ्यांनी चांगला फरक पडलाय," वरचा म्हणाला. "आता काही दुखत नाही, खुपत नाही. तुझी तपासणी होईपर्यंत आपण पाळ्या लावू. एक दिवस माझा, एक दिवस तुझा."

"तुला काही होणार नाही ना?"

"मला काय होतंय? मी आता स्टुलावर बसून असतो."

मित्रांनो, मी आत सगळं ऐकत होतो. झाकण उघडं होतं आणि झाकणावरचा कागद त्या दोघांच्या तोंडासमोर होता. बरं वाटलं तरी बंद करायच्या नाहीत, असं त्यावर लाल शाईत लिहिलं होतं. गोळ्या चालू होत्या म्हणून त्याला बरं वाटत होतं. एवढं साधं गणित! जो माणूस दोरातली एकेक तार मोजायचा, पेलतोय तोवरच बदलायचा म्हणायचा, त्याने स्वतःच्या छातीतला दोर मात्र तपासायचा नाही असं ठरवलं. आणि त्याला तो प्रेम म्हणत होता. मला आजही राग येतो. प्रेमाने केलेला मूर्खपणा हा मूर्खपणाच असतो, आणि त्याला अडवायला कोणी पुढे येत नाही म्हणून तो जास्त घातकी.

दुसऱ्या दिवसापासून पाळ्या सुरू झाल्या. बारक्याचा दिवस असला की वरचा चार चौकोन उचलून स्टोअरच्या चिठ्ठीत गुंडाळायचा आणि खिशात घालायचा. संध्याकाळी मुलगी झाकण उघडायची.

"आजचा?"

"रिकामा!"

"शाबास."

त्या शाबासकीने मला गंजापेक्षा जास्त खाल्लं. रिकामा खण म्हणजे गोळी पोटात गेली, असं सगळे समजत होते. गोळी कोणाच्या पोटात गेली ते सांगायला मला तोंड नव्हतं. घरात खरा साक्षीदार एकच होता, कचऱ्याची बादली. पूर्वी तिच्यात रोज चार रिकामे चौकोन पडायचे, आता एक दिवसाआड पडत होते. पण कचरा कोण बघतो?

बारक्या खूश होता. "दादा, जादू आहे. काल एकोणतीस पायऱ्या न थांबता चढलो. फक्त उतरताना डोळ्यांपुढे जरा अंधारी येते."

"खाली बघू नकोस," दादाने सल्ला दिला.

रक्तदाबाची गोळी दुसऱ्याच्या मापाची होती, म्हणून अंधारी येत होती. आणि हा गडी वितळलेल्या लोखंडाची बादली चाळीस माणसांच्या डोक्यांवरून नेत होता. चाळीसांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

तपासणी झाली. कारखान्याच्या डॉक्टरने मान वर न करता विचारलं, "काही त्रास?" बारक्या म्हणाला, "नाही." शिक्का बसला. ज्या क्रेनची तपासणी रोज, तिच्यावरच्या माणसाची वर्षातून एकदा, आणि तीही दोन मिनिटं. ही गोष्ट बारक्याने घरी येऊन हसत सांगितली. डॉक्टरकडे जायचं कबूल केलं होतं त्याचं काय, हे वरच्याने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

पुढे क्रेनवरचा दुसरा गडी रजेवर गेला आणि बारक्यावर सलग दोन-दोन पाळ्या आल्या. त्याचं दुखणं पुन्हा डोकं वर काढू लागलं. तेव्हा वरचा म्हणाला, "तुला डबल पाळी, तर गोळ्यांचीही डबल. तो परत येईपर्यंत सगळ्या तूच घे."

नऊ दिवस. मंगळवार ते सोमवार आणि वर दोन. नऊही दिवस संध्याकाळी मी रिकामा निघालो, नऊही दिवस मला शाबासकी मिळाली.

दहाव्या दिवशी गुरुवार होता. आई कामावर गेली होती. मुलगी शाळेत जायला वेणी घालत होती. वरच्याने माझ्यातून चार चौकोन काढून खिशात घातले आणि तो बूट घालायला वाकला. तसाच खाली बसला. कपाळावर घाम आला. एक हात जबड्यावर होता.

"बाबा? काय होतंय?"

"काही नाही गं. पित्त उसळलंय."

मुलीने आईला फोन लावला. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता. आई ओरडून विचारत होती, ते मला इथपर्यंत ऐकू आलं. "गोळ्या घेतल्यात का बघ आधी!"

मुलगी धावत माझ्याकडे आली आणि झाकण उघडलं. गुरुवारचा खण बघितला. तिच्या डोळ्यांसमोर, तिच्याच अक्षरात, तो कागद होता. दुखलं तर वाट बघायची नाही. पण ती खण बघत होती, झाकण बघत नव्हती.

"घेतल्यात आई. रिकामा आहे."

"मग पित्तच असेल. थंड पाणी दे, पडू दे त्यांना. माझं इथलं उरकलं की येते."

वरच्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. एक वाक्य बोलला असता तर पुरे होतं. गोळ्या माझ्या खिशात आहेत, एवढं. तो बोलला नाही. बोलला असता तर बारक्याची क्रेन गेली असती. त्याने डोळे मिटून घेतले आणि मुलीला म्हणाला, "तू जा शाळेत, उशीर होतोय." ती गेली नाही, एवढंच नशीब.

दीड तास गेला. आई आली, तिने त्याचा चेहरा बघितला आणि रस्त्यावर जाऊन मिळेल ती गाडी अडवली. निघताना तिने मला पिशवीत टाकलं. डॉक्टर दर वेळी गोळ्यांचं विचारतात, दाखवायला बरा.

हॉस्पिटलमध्ये त्याला आत नेलं. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आल्या, पहिल्या वेळच्याच. "जाळी पूर्ण बंद झालीय. गुठळी बसलीय तिच्यावर. गोळ्या किती दिवस चुकल्या?"

"एकही नाही," आई म्हणाली.

"नीट आठवून सांगा."

"अहो, आठवायचं काय त्यात? हा बघा." तिने पिशवीतून मला काढलं, टेबलावर ठेवलं आणि झाकण उघडलं. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, चारही रिकामे. "रोज संध्याकाळी माझी मुलगी बघते. एकदासुद्धा चूक नाही."

आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही. भंगारात पडलो होतो तेव्हाही नाही.

तेवढ्यात बारक्या आला. अंगावर कामाचे कपडे, तोंड काजळलेलं. दारातच थांबला. वहिनीचं बोट माझ्या खणांवर बघितलं आणि भिंतीला टेकला.

"वहिनी," तो म्हणाला, "त्या माझ्या पोटात आहेत."

"काय?"

"गोळ्या. दादाच्या गोळ्या मी घेतल्या. नऊ दिवस सगळ्या. त्याच्या आधी एक दिवसाआड."

वहिनी ओरडली नाही. तिने माझं झाकण लावलं. वाकडी कडी बसेना. तिने पुन्हा लावलं, पुन्हा बसेना. तिसऱ्यांदा तिने तळहाताने इतक्या जोरात दाबलं की तिच्या हाताला पत्रा लागून रक्त आलं.

डॉक्टर बारक्याला म्हणाल्या, "तुम्हाला कधीपासून दुखतंय?"

"आधी दादाचं बघा ना."

"त्यांचं बघतायत. दुसऱ्याच्या गोळ्यांनी तुम्ही स्वतःचं दुखणं झाकलंत आणि त्यांचं उघडं टाकलंत. झोपा तिथे, हृदयाचा आलेख काढायचाय. एका घरातले दोघं मला एका दिवशी नकोत."

वरचा त्या दिवशी गेला नाही. शुक्रवारी सकाळी तो थोडा शुद्धीवर आला. मी खाटेखालच्या पिशवीत होतो. तो बायकोला म्हणाला, "बारक्याला क्रेनवरून उतरव."

"तुम्ही उठा आधी," ती म्हणाली. "मग दोघं मिळून उतरवू."

दुपारच्या आत तो गेला.

मित्रांनो, तुमच्या धड्यांत अशा वेळी सगळे एकमेकांना माफ करतात. ह्या घरात तसं काही झालं नाही. बारक्यालाही जाळी बसली. क्रेन गेली. भावाच्याच स्टोअरमध्ये, भावाच्याच स्टुलावर तो बसतो. पोरं त्याची थट्टा करत नाहीत. ते त्याला थट्टेपेक्षा जड जातं.

घरी आल्यावर वहिनीने त्याला एकच वाक्य सांगितलं. "रोज पहाटे साडेपाचला इथे यायचं." तेव्हापासून तो येतो. मी पुन्हा त्याच फळीवर आहे, आता त्याच्या गोळ्या घेऊन. वहिनी झाकण उघडते, चार चौकोन स्वतः फोडते, गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवते, पाण्याचा पेला देते आणि समोर उभी राहते.

"तोंड उघडा."

तो उघडतो.

"जीभ वर."

तो करतो. मग ती पिशवी उचलून कामाला जाते. भाऊजी हा शब्द तिच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही. जेवायलाही तो इथे नसतो.

मुलीने तर मला हात लावणंच सोडलं होतं. सकाळी पाणी प्यायला यायची तेव्हा माझ्याकडे पाठ करायची. रिकामा आहे, हे तिचेच शब्द होते ना! तिला कोणीच काही बोललं नाही, पण पोर स्वतःशी काय बोलत असेल ते मला ठाऊक आहे. मीही तेच बोलतो.

मागच्या आठवड्यात आई तापाने पडून होती. साडेपाचला बारक्या आला आणि दाराशीच उभा राहिला. घरात कोणी हलेना. शेवटी मुलगी उठली. माझ्यापाशी आली, थोडा वेळ नुसती उभी राहिली आणि मग झाकण उघडलं. गुरुवार होता. ह्या वेळी तिने आधी झाकणावरचा कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग चार चौकोन काढले, फोडले आणि काकाच्या हातावर ठेवले.

"काका, तोंड उघडा."

त्याने उघडलं. तिने टॉर्च आणली आणि आत प्रकाश टाकला. दाताखाली बघितलं, गालाच्या आत बघितलं.

"जीभ वर."

तो सहा फुटी माणूस गुडघ्यांवर बसला होता, जीभ वर करून, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने टॉर्च बंद केली नाही. पुरतं बघून झाल्यावर तिने चारही फुटलेले चौकोन मोजून कचऱ्याच्या बादलीत टाकले.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाचं हृदय एकदा दुखावलं असेल, तर लक्षात ठेवा, पहिल्या झटक्यातून वाचलेल्याला दुसरा झटका गाठायला टपलेला असतो, आणि तो बरं वाटण्याची वाट बघतो. त्यांच्या गोळ्या त्यांच्याच पोटात जाऊ द्या. दुसऱ्याला दुखत असेल तर त्याला डॉक्टरकडे ओढत न्या, शिव्या खाव्या लागल्या तरी. आणि माझ्यासारख्या डब्याला शाबासकी देऊ नका. मी पत्रा आहे. माझा खण रिकामा आहे एवढंच मी सांगू शकतो, त्यातलं कुठे गेलं ते तुम्हीच उभं राहून बघायचं असतं.